तळहात की टेबल

भाऊजींच्या डोक्यात रोज सकाळी पाणी ओतायचं काम इंचीचं होतं.

घाबरायचं कारण नाही. भाऊजी म्हणजे कुणी जितंजागतं माणूस नव्हे. प्रयोगशाळेतल्या एका मोठ्या टेबलात बसवलेलं ते प्लास्टिकचं पोकळ डोकं. तेही अख्खं नाही, अर्धंच. एक गाल, एक कान आणि जबड्याची रेघ. कुशीवर झोपवलेलं आणि वरून उघडं, न्हाणीतल्या टबासारखं. शेजारी त्याच प्लास्टिकचं एक लांबट सपाट भांडं, ते भाऊजींचं अंग. या दोन्हींत इंची पाणी भरायची. नुसतं पाणी नाही बरं का. साखर, मीठ आणि आणखी दोन-चार गोष्टी मोजूनमापून मिसळलेलं दाटसर पाणी. फोनमधून निघणाऱ्या लहरींना ते माणसाच्या मांसासारखंच वाटतं. मग खालून भाऊजींच्या गालाला नाहीतर अंगाला फोन टेकवायचा, त्याला अगदी जोर लावून बोलायला, म्हणजे लहरी सोडायला, लावायचं, आणि वरून यंत्राचा हात त्या पाण्यात बारीक सळई बुडवून टिपत जायचा, की फोनने फेकलेल्या ऊर्जेतली किती या अंगात मुरते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त मुरली, तर तो फोन दुकानात जायचा नाही.

भाऊजी हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. पण पाणी जरा कोमट झालं की "भाऊजींना कणकण आहे", आणि ढवळताना बुडबुडा राहिला की "भाऊजींच्या डोक्यात हवा गेलीय" असं सगळेच म्हणायचे. प्रमुख साहेबसुद्धा.

ती खोली मात्र अजब होती. भिंती, छत, दाराची आतली बाजू, सगळीकडे निळ्या स्पंजचे टोकदार सुळके. दार लावलं की बाहेरच्या जगाची एकही लहर आत यायची नाही आणि आतली बाहेर जायची नाही. कुणाचा फोन लागायचा नाही. आपलाच आवाज ओठांपासून दोन बोटांवर गळून पडायचा. यंत्राचा हात पाण्यावरून हळूहळू सरकायचा, थांबायचा, पुन्हा सरकायचा. त्या निळ्या उजेडात बसलं की इंचीला वाटायचं, आपण एखाद्या तळ्याच्या तळाशी बसलोय आणि वरच्या जगात काय चाललंय ते आपल्याला कुणी विचारणार नाही. अलीकडे तिला ते फार बरं वाटायला लागलं होतं.

आता तिचं हे नाव. तिचे बाबा शिंपी. लहानपणी ती दिवसभर त्यांची इंचपट्टी गळ्यात घालून घरभर हिंडायची. मांजराची शेपटी मोज, आईची वेणी मोज, झोपलेल्या थोरल्या भावाचं नाक मोज. बाबा म्हणाले, "ही आमची इंची." झालं. पुढे ती शिकली, चांगली नोकरीला लागली, चष्मा लागला, पण घरात आणि घराबाहेर इंचीची काही कुणी मॅडम केली नाही.

आणि ते बाबा गेल्या हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळले होते. एका दुपारी शर्टाची कॉलर उलटवता उलटवता मशीनवरच कलंडले. अर्धं अंग जातं म्हणतात, त्यांचं सगळंच गेलं. डोळे उघडायचे, मिटायचे. चमच्याने भरवलेलं गिळायचे. बाकी हाक मारा, चिमटा काढा, रडा, हसा. काही म्हणजे काही नाही. "त्यांना कळतं का हो?" असं आईने डॉक्टरांना विचारलं, तेव्हा ते बिचारे म्हणाले, "खात्रीने सांगता येत नाही."

आईपुरतं उत्तर तिने स्वतःच देऊन टाकलं होतं. तिला विचाराल तर बाबांना सगळं कळत होतं. ती त्यांना भाव सांगायची, शेजारणीच्या कागाळ्या सांगायची, मध्येच "हो ना?" म्हणून विचारायची आणि उत्तर मिळाल्यासारखी पुढे बोलायची. पण बोलणं वेगळं आणि उचलणं वेगळं. त्यांना कुशीवर वळवता वळवता आईची कंबर पार गेली होती. खाली वाकली की वर येताना तिच्या तोंडून जो आवाज निघायचा तो ऐकून इंची हातातलं टाकून तिला धरायला धावायची.

थोरला भाऊ दूरदेशी. दादाने तिथून एक जागा शोधली होती. शहराबाहेर, झाडाझुडपांत, अशा रुग्णांना कायमचं ठेवून घेणारी. रविवारी गाडी येणार होती. दादा वाईट नव्हता, उगाच बोल लावू नये. तो रोज संध्याकाळी न चुकता फोन करायचा. बाबांसाठी म्हणून त्याने एक नवाकोरा फोन पाठवला होता. आई तो बाबांच्या उजव्या तळहातावर ठेवायची, स्पीकर चालू करायची आणि म्हणायची, "हातात काहीतरी असलं की त्यांना बरं वाटतं. आयुष्यभर हात रिकामा राहिलाय का त्यांचा?" मग दादाचा आवाज त्या निर्जीव तळहातातून खोलीभर पसरायचा.

"इंचे," तो एकदा तिला एकटीला म्हणाला होता, "त्यांना कळत असतं ना, तर मीच म्हटलं असतं, घरीच ठेवा, मी नोकरी सोडून येतो. पण मी रोज भिंतीशी बोलतोय गं. आईला काय, ती भिंतीशीही बोलेल. तिची कंबर मोडल्यावर काय करायचं?"

खरं सांगायचं तर इंची मनातून दादाच्या बाजूची झाली होती. मोजमाप हा तिचा धंदा. ज्याचा आकडा येत नाही, ते आहे असं म्हणायला तिची जीभ उचलत नव्हती. आणि त्याबद्दल तिला स्वतःचा रागही यायचा.

तर अशातच शनिवारी सकाळी भाऊजींनी घोळ घातला.

दादाने पाठवला होता त्याच मॉडेलचा नमुना तपासणीला होता. कंपनीने आत काहीतरी किरकोळ बदल केले होते, म्हणून पुन्हा तपासायचा. जुनाच पाहुणा, याआधी प्रत्येक वेळी हसतखेळत पास झालेला. या फोनला एक जास्तीची अक्कल होती. आपण माणसाच्या अंगावर आहोत की टेबलावर, हे तो ओळखायचा. कसं? तर कंपनावरून. जिवंत माणसाचा हात कधीच पुरता थांबत नाही. आपल्याला दिसत नाही, पण स्नायूंची बारीक थरथर असते. फोनला ती थरथर लागली की तो समजायचा, अंगावर आहे, लहरींचा जोर खाली. थरथर नाही? मग हे टेबल. टेबलाला काय होणार? बोल खुशाल पूर्ण जोराने.

आकडा मर्यादेच्या वर गेला.

थोडाथोडका नाही, चांगला वर. इंचीने पाणी तपासलं. भाऊजींना ताप नव्हता, डोक्यात हवा नव्हती. दुसरा नमुना लावला. तोही वर. सळई बदलली. वर. साहेब आले, चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे बघत उभे राहिले.

"काल-परवात काही बदललंय का इथे?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, सर," इंची म्हणाली आणि विचार करताना सवयीने तिने टेबलाच्या कडेवर तळहात टेकला.

आकडा पडला. एकदम, दगडासारखा.

तिने हात उचलला. आकडा चढला. हात ठेवला, पडला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग दोघंही खाली वाकले. टेबलाच्या एका पायाखाली वर्षानुवर्षं पुठ्ठ्याची एक घडी असायची. पाय जरा आखूड होता. यंत्राचा हात हलला की टेबल बारीक लचकायचं. त्याची इतकी सवय झाली होती की ते कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. ती घडी आता नव्हती. चारी पायांखाली काळ्या रबराच्या जाड चकत्या बसल्या होत्या.

देखभालीच्या मिस्त्रींना बोलावलं. ते ऐटीत आले. "काल संध्याकाळी बसवल्या. बघा आता, टेबलावर पाण्याचा पेला ठेवा, थेंब हलणार नाही."

"थेंब हलत नाही तोच तर वांधा आहे," साहेब म्हणाले. "मिस्त्री, आजपर्यंत आपलं टेबल लचकत होतं म्हणून हा फोन भाऊजींना जिवंत समजत होता. तुम्ही टेबल नीट केलंत आणि भाऊजी वारले."

"म्हणजे टेबल नीट केलं ही माझी चूक होय!" मिस्त्रींचा चेहरा असा झाला की इंचीला इतक्या दिवसांनी हसू आलं.

पण हसण्यासारखं फार नव्हतं. जे इतके दिवस पास म्हणून सही करून पाठवलं, ते त्या पुठ्ठ्याच्या घडीच्या जिवावर. साहेबांनी खोलीबाहेर येऊन लगेच कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला आणि झालेलं सगळं, स्वतःच्या चुकीसकट, सांगून टाकलं. हे मात्र त्यांचं कौतुक. मग फोन इंचीच्या हातात दिला.

"मॅडम," पलीकडचा आवाज तरुण आणि गोड होता, "तुमचं म्हणणं मान्य आहे. फोन पुन्हा तपासू, काय लागेल ते बदलू. पण एक सांगा, इतकं निश्चल कोण असतं? माणूस झोपेतसुद्धा हलतो. ज्याला आमचा फोन टेबल समजेल, असा माणूस असतो कुठे?"

इंचीने तोंड उघडलं. आणि तिच्या डोळ्यांसमोर सकाळचं घर आलं. बाहेरच्या खोलीतला पलंग. दारात चपला घालताना तिच्या हातात इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा होता, ठेवायला जागा नव्हती, घाई होती. तिने तो गठ्ठा बाबांच्या पायांवर ठेवला होता. अगदी सहज. कालही ठेवला होता. परवाही.

"असतो," ती म्हणाली. "तुम्ही फोन दुरुस्त करा."

दुपारी सुट्टी झाल्यावर ती साहेबांकडे गेली. लहरींचा जोर दाखवणारं एक छोटं मीटर कपाटात असायचं, जुनं, काट्याचं. "घरी न्यायचंय," ती म्हणाली. "बाबांकडे हाच फोन आहे."

साहेबांनी तिच्याकडे नीट बघितलं. "इंची, घाबरून जाऊ नकोस. मर्यादा कशी आखलेली असते ते तुला माहीत आहे. ती ओलांडली म्हणून कुणी भाजत नाही. धोक्याच्या कितीतरी अलीकडे रेघ मारलेली असते."

"माहीत आहे, सर. आमच्या बाबांच्या भाषेत, शिवणीत भरपूर माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडलेली असते. मला त्या भीतीने नाही न्यायचं. मला फक्त बघायचंय, तो फोन त्यांना काय समजतो ते."

घरी पोहोचली तेव्हा ऊन खिडकीतून आडवं होऊन पलंगावर आलं होतं. बाहेरची खोली पूर्वी बाबांचं दुकानच होती. शिवणयंत्र अजून कोपऱ्यात होतं, झाकण घातलेलं. भिंतीवर खडूची खूण पुसट झाली होती, तिथे उभं करून बाबा लहान मुलांची उंची घ्यायचे. उन्हात दोऱ्याचे तंतू तरंगत होते. शिवणकाम थांबून इतके महिने झाले, तरी ते कुठून येतात देव जाणे. खोलीला पेंग आल्यासारखी वाटत होती. बाबा डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. पायांवर इस्त्रीचा गठ्ठा तसाच होता.

"हे काय आणलंस?" आईने विचारलं.

"मीटर आहे. फोन किती जोरात बोलतो ते कळतं यातून."

"स्पीकर तर खरखरतोय मेला."

"तसं बोलणं नव्हे गं."

इंचीने आपल्या फोनवरून बाबांच्या फोनला कॉल लावला, तो उचलला आणि कामाला लागली. आधी फोन टेबलावर ठेवला. काटा वर चढला आणि तिथेच उभा राहिला. बरोबर. मग आईला म्हणाली, "हात पुढे कर." आईने शाळेतल्या मुलीसारखा तळहात पुढे केला. फोन ठेवला. काटा खाली आला. स्वतःच्या तळहातावर ठेवला. खाली. पुन्हा टेबलावर. वर. एका मापावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिला प्रयोगशाळेने नंतर शिकवलं. त्याआधी बाबांनी शिकवलं होतं. दुसऱ्या कुणी घेतलेलं माप ते कधी घ्यायचे नाहीत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, "उभे राहा, पुन्हा घेतो."

मग तिने बाबांचा उजवा हात उताणा केला. थंड होता. तर्जनीवर सुईने पडलेला घट्टा अजून तसाच होता. तिने फोन अलगद ठेवला, आपला हात काढून घेतला आणि श्वास रोखून काट्याकडे बघितलं.

काटा वर चढला. टेबलावर होता तितकाच. आणि तिथेच उभा राहिला.

"काय म्हणतोय तो?" आईने विचारलं.

इंची काय सांगणार? की फोनने बघितलं आणि ठरवलं, इथे कुणी नाही? "काही नाही," ती म्हणाली. "थांब जरा." तिने फोन उचलून पुन्हा ठेवला. वर. हात जरासा सरकवून ठेवला. वर. खिडकीतलं ऊन पलंगावरून हळूहळू भिंतीकडे सरकत होतं आणि ती वेड्यासारखी तेच ते करत होती. शेवटी थकून खुर्चीत बसली. मीटर मांडीवर. तिने कॉल बंद केला. तिला वाटलं, बरंच झालं. रविवारी गाडी येईल, आणि निदान मनात पाल चुकचुकायची नाही.

तेवढ्यात बाबांच्या हातातला फोन वाजला. दादा.

आईने सवयीने पुढे होऊन स्पीकर चालू केला आणि मागे सरली. इंचीच्या मांडीवर काटा वर गेला.

"बाबा, मी बोलतोय," तळहातातून दादाचा आवाज आला. "आई, इंची, आहात ना? उद्या सकाळी गाडी येईल. चादरी दोन द्या बरोबर. मी बोललोय तिथल्या बाईंशी, चांगल्या आहेत." काटा वरच. "बाबा, तिथे बाग आहे मोठी. खिडकीजवळची जागा मागितलीय मी तुमच्यासाठी." काटा वरच. दादाच्या आवाजात ती भिंतीशी बोलणाऱ्या माणसाची घाई आली होती. निरोप घ्यायचा आहे आणि कसा घ्यायचा ते कळत नाही, म्हणून माणूस काहीतरी बोलतो, तसं तो पुढे बोलला, "आणि काय... हां, आज ऑफिसात कार्यक्रम आहे. कोट घेतला मी एक. तयारच घेतला दुकानातून. बाही जरा आखूड आहे, पण चालतंय."

काटा पडला.

इंची ताठ झाली. तिने आईकडे बघितलं. आई दाराजवळ होती, पलंगापासून चार हात लांब. पंखा बंद होता. रस्त्यावरून काही गेलं नव्हतं. आणि काटा खाली होता, आईच्या तळहातावर होता तितका खाली. मग हळूच पुन्हा वर चढला.

तिने स्वतःला बजावलं, एक माप म्हणजे माप नव्हे. टॉवरकडून काहीतरी झालं असेल. फोन असे वरखाली करतातच.

"दादा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला, "तिकडची हवा कशी आहे?"

"हवा? बरी आहे. थंडी पडलीय जरा. का गं?"

काटा वर.

"बोल ना हवेबद्दल. अजून बोल."

"अगं, काय बोलू हवेबद्दल? ढग आहेत."

काटा वर.

"आता कोटाबद्दल बोल."

"काय?"

"कोट. तयार घेतलास ना? कसा आहे तो? खांद्यात कसा बसलाय?"

"तुला वेड लागलंय का इंचे? खांदा... जरा उतरलाय. पाठीवर चुणी पडते. चुणी पडली तर पडली, आजकाल कोण बघतं..."

काटा पडला. या वेळी पडला आणि पडूनच राहिला, थरथरत.

इंचीने बाबांच्या हाताकडे बघितलं. काही दिसत नव्हतं. बोटं तशीच, अर्धवट मिटलेली. डोळे छताकडे. उघड्या डोळ्यांना दिसेल असं काहीच नव्हतं. पण त्या फोनला लागत होतं. ज्या माणसाने जन्मात पाठीवरची चुणी खपवून घेतली नाही, एवढ्याशा चुणीसाठी अख्खा कोट उसवून पुन्हा शिवला, त्याच्या पोराने तयार कोट आणला होता आणि वर म्हणत होता, कोण बघतं. त्या हाताच्या आत कुठेतरी, खोल, बाबा संतापले होते.

"आई," इंची म्हणाली. "आई, इकडे ये. हे बघ. बाबा चिडलेत."

आई जवळ आली. तिला मीटरमधलं काही कळत नव्हतं आणि तिने तिकडे बघितलंही नाही. बाबांच्या तोंडाकडे बघत ती शांतपणे म्हणाली, "चिडणारच. तयार कोट घेतो म्हणजे काय!"

"काय चाललंय तुमचं?" दादा ओरडला. "कुणी सांगेल का मला?"

इंचीने सांगितलं. टेबल, पुठ्ठा, भाऊजी, मीटर, सगळं एका दमात आणि उलटंपालटं. तिला रडू येत होतं आणि मध्येमध्ये हसूही. मग दादाने विचारलं, "पुन्हा बघितलंस? नीट?"

"तूच बघ. हवेचं बोल आणि मग कोटाचं बोल. मी काटा सांगते."

तो बोलला. ढग आहेत, थंडी आहे. "वर," इंची म्हणाली. बाही आखूड आहे. "खाली." ढग. "वर." कॉलर मानेपासून सुटते. "खाली, दादा, खाली." एवढा मोठा, केस पिकायला लागलेला माणूस, ऑफिसच्या कार्यक्रमाला तयार होऊन बसलेला, आणि तो एकेक करून आपल्या कोटाची खोड काढत होता. कितीतरी वर्षांत दादाने बाबांना इतकं काही सांगितलं नव्हतं.

"बाबा," शेवटी तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. "आतल्या शिवणीत माया अजिबात सोडलेली नाही. वाढवायचा म्हटला तरी वाढणार नाही. मी काय करू त्याचं? मी तो घेऊन येतो. उद्याच्या गाडीला नको म्हणून मी कळवतो आत्ताच, आणि मिळेल त्या विमानाने येतो. आईच्या मदतीला माणूस ठेवू, मी राहीन, बघू पुढचं काय ते. तुम्ही फक्त तो कोट बघा. ऐकताय ना?"

काटा तळाला होता.

"ऐकतायत," इंची म्हणाली.

आईने काही न बोलता बाबांच्या पायांवरचा इस्त्रीचा गठ्ठा उचलला आणि शिवणयंत्राच्या झाकणावर ठेवला. मग परत येऊन त्यांची पावलं चादरीवरून चेपत म्हणाली, "पाय मोकळे केले हो तुमचे. आमचं मेलं लक्षच नसतं."

नियमाने पाहिलं तर इंचीने तो फोन तेव्हाच त्यांच्या हातातून काढून बाजूला ठेवायला हवा होता. नापास झालेला नमुना, उघड्या कातडीवर. सोमवारी ती दुसरा फोन आणणारच होती. तिने हात पुढे केलाही. पण तळहातातून दादा अजून बोलत होता, खिशाच्या झाकणाबद्दल काहीतरी, आणि काटा खालीच, फोन अगदी हळू आवाजात होता, माणसाच्या अंगावर असावा तितक्या. तिने खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि तो तसाच राहू दिला.